क्ष ची किंमत चुकतेय? चूक कोणत्या ओळीत आहे ते आधी शोधा

वही घेऊन आलेलं मूल साधारण यांपैकी एक वाक्य बोलतं:

- "उत्तर आलंय, पण चिन्ह उलटं आलंय." उत्तरसूचीत ५, वहीत −५.
- "काहीतरी विचित्रच येतंय." सतरा छेद अकरा, तेवीस छेद सात असलं काहीतरी.
- "उत्तर उलटं झालंय." ३/४ च्या जागी ४/३.
- "क्ष च उडून गेला." शेवटच्या ओळीत ० = ० किंवा ६ = ५.
- "उत्तर बरोबर आहे, तरी मॅडमनी गुण कापले."
- "ताळा जमला, तरी उत्तर चूक." हे शाब्दिक उदाहरणातच होतं.

मी चाळीसगावात घरच्याच पुढच्या खोलीत आठवी-नववीची गणिताची शिकवणी घेते. आठवीत 'एकचल समीकरणे' सुरू झालं की आई-वडील वही दाखवत सांगतात, "मॅडम, याला सगळं येतं, फक्त उत्तर चुकतं." दर वर्षी मुलं नवी, वह्या नव्या, चुका मात्र त्याच सहा-सात. म्हणून त्या कशा शोधते ते लिहून ठेवते आहे. पुस्तकात आता चलासाठी इंग्रजी अक्षर असतं. मी इथे क्ष लिहिते, आमच्या आई-वडिलांच्या पुस्तकात होता तसा. पद्धत तीच.

एक सांगून ठेवते. चुकलेलं उदाहरण खोडू नका. माझ्याकडे एक मुलगी होती, उत्तर जुळलं नाही की सगळं उदाहरण खोडायची आणि पहिल्यापासून करायची. कागद विरेपर्यंत खोडायची, आणि त्याच ओळीत तीच चूक परत करायची. हाताला त्या वळणाची सवय झालेली असते. खोडलं की चूक जात नाही, चुकीचा पुरावा तेवढा जातो.

१. उदाहरण नीट उतरवलंय का?

अर्धा मिनिट लागतो, खर्च शून्य. पुस्तकावर बोट ठेवा, वहीवर बोट ठेवा, एकेक अंक आणि चिन्ह मोठ्याने वाचा. हसू नका, पण निम्म्या तक्रारी माझ्याकडे इथेच मिटतात. मराठी माध्यमातून सेमीत आलेल्या मुलांचा तर हा ठरलेला घोटाळा: मराठी चार घाईत इंग्रजी आठ होतो, मराठी एक इंग्रजी नऊ होतो. दोन्ही लिप्यांतले अंक एकाच उदाहरणात मिसळू देऊ नका. कुठले वापरायचे ते ठरवा आणि त्यांनाच धरून राहा.

दुसरं, बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह येतंय का बघा. पुष्कळ मुलं असं लिहितात: ३क्ष + ५ = २० = २० − ५ = १५ = ५. डोक्यात विचार बरोबर असतो, कागदावर मात्र २० आणि १५ आणि ५ एकमेकांच्या बरोबर झालेले असतात. हे चिन्ह १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने काढलं, सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा, कारण याहून सारख्या अशा दुसऱ्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत असं त्याचं म्हणणं. "पुढची पायरी" एवढाच त्याचा अर्थ नाही. एका ओळीत एकच बरोबर ठेवा. नाहीतर पुढची तपासणी करताच येत नाही.

२. ताळा, पण पहिल्या ओळीत

आलेली किंमत मूळ समीकरणात घाला. डावी बाजू वेगळी काढा, उजवी वेगळी काढा, मग बघा. मुलं ताळा शेवटच्या सोप्या ओळीत करून मोकळी होतात, तिथे तो जमणारच.

मूळ समीकरणात ताळा जमला आणि उत्तरसूचीत वेगळं उत्तर आहे, तर थांबा. उत्तरसूची चुकलेली असू शकते. एका गाइडातलं एक चुकीचं उत्तर जुळवायला एक मुलगा रात्री अकरापर्यंत बसला होता. त्याचं पहिलंच उत्तर बरोबर होतं.

३. टेस्टर लावा

ताळा जमला नाही, म्हणजे चूक आहे एवढं कळलं. कुठे आहे? इथे मला माझे सासरे आठवतात. ते वायरमन होते. पंखा बंद पडला की ते आधी पंखा उघडत नसत. टेस्टर घेऊन बोर्डापाशी बघायचे, रेग्युलेटरपाशी बघायचे, छताच्या हुकाजवळ बघायचे. "इथवर येतंय, इथून पुढे नाही" असं म्हणाले की बिघाड सापडलेला असायचा. समीकरणातही हेच करता येतं. टेस्टर म्हणजे तुमचं स्वतःचं चुकलेलं उत्तर.

एका मुलाच्या वहीतलं उदाहरण बघा:

११ − २(क्ष − ३) = २क्ष + १ … (ओळ १)
११ − २क्ष − ६ = २क्ष + १ … (ओळ २)
५ − २क्ष = २क्ष + १ … (ओळ ३)
−४क्ष = −४ … (ओळ ४)
क्ष = १

आता १ ही किंमत खालून वर प्रत्येक ओळीत घाला. ओळ ४: −४ आणि −४, जमलं. ओळ ३: ५ − २ म्हणजे ३, उजवीकडे २ + १ म्हणजे ३, जमलं. ओळ २: ११ − २ − ६ म्हणजे ३, उजवीकडे ३, जमलं. ओळ १: ११ − २(−२) म्हणजे १५, उजवीकडे ३. गेलं.

म्हणजे बिघाड ओळ १ आणि ओळ २ यांच्या मधे. बाकी काही बघायचं नाही. कंस सोडवताना −२ ने −३ ला गुणल्यावर +६ यायला हवं होतं, तिथे −६ आलंय. ते दुरुस्त केलं की १७ − २क्ष = २क्ष + १, म्हणजे ४क्ष = १६, क्ष = ४. ताळा: डावीकडे ११ − २ म्हणजे ९, उजवीकडे ८ + १ म्हणजे ९.

हे का चालतं? बरोबर पायरीने समीकरणाचा चेहरा बदलतो, उकल बदलत नाही. चुकीच्या पायरीवर मूल नकळत दुसऱ्याच समीकरणात शिरतं आणि तिथून पुढे ते बिनचूक सोडवतं. वरच्या मुलाने चारांपैकी तीन पायऱ्या बरोबर केल्या होत्या, फक्त भलत्या समीकरणाच्या. हे त्याला दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा खुलला, कारण तोवर "मला बीजगणित येत नाही" अशी त्याची खात्री झाली होती. त्याला एक कंस येत नव्हता, एवढंच.

बरोबर उत्तर हाताशी असेल तर ते वरून खाली लावा. ४ घातल्यावर ओळ १ जमते आणि ओळ २ मध्ये डावीकडे −३, उजवीकडे ९ येतात. बिघाड तिथेच. एक सूचना: दोन चुका असतील तर खालून जाताना शेवटची सापडते, वरून येताना पहिली. एक दुरुस्त करा, टेस्टर परत लावा. परीक्षेत उत्तरसूची नसते, तेव्हा खालून वर जायची सवय असलेली बरी.

आणि याच उदाहरणावर मला एकदा असं सापडलं होतं की मी दोन मिनिटं वहीकडे नुसती बघत बसले. मुलीने लिहिलं होतं: ११ − २ = ९, म्हणून ९(क्ष − ३) = २क्ष + १. मग ९क्ष − २७ = २क्ष + १, ७क्ष = २८, क्ष = ४. उत्तर बरोबर! पायरी साफ चूक. कंचेभागुबेव पाठ असूनही तिने गुणाकाराआधी वजाबाकी केली होती. उत्तर जुळलं कारण क्ष ४ असताना कंसात १ उरतो, आणि १ ने गुणताना दोन्ही चाली एकाच ठिकाणी पोचतात. लक्षणांच्या यादीतलं "उत्तर बरोबर, तरी गुण कापले" ते हे. इथे ४ चा टेस्टर प्रत्येक ओळीत पेटतो आणि चूक पकडत नाही. पण कंस सोडवल्याने त्या बाजूची किंमत कोणत्याही क्ष ला बदलायला नको, म्हणून तिथे दुसरी कुठलीही सोपी संख्या घालून बघा. क्ष = ० घातला तर ११ − २(−३) म्हणजे १७, आणि ९(−३) म्हणजे −२७. फसवणूक उघडी.

४. ओळ सापडली. आता तिथे काय बिघडलंय?

चिन्ह. सगळ्यात जास्त बिघाड इथे, आणि त्याचं मूळ आपणच शिकवलेल्या एका वाक्यात आहे: "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं." पहिला आठवडा तरी मी हे वाक्य शिकवणीत बोलू देत नाही. भाजीवाल्याच्या तागडीच्या दोन पारड्यांचं चित्र काढते. क्ष + ५ = १२ मध्ये पाच कुठेही "जात" नाहीत. डाव्या पारड्यातून पाच काढले, तागडी झुकायला नको म्हणून उजव्यातूनही पाच काढले. हे दोन वेळा लिहायचा कंटाळा, म्हणून "पलीकडे नेलं". कारण माहीत नसलं की मूल हाच नियम गुणाकारालाही लावतं. −३क्ष = १२ दिलं की म्हणतं, तीन पलीकडे गेले, उणेचे अधिक झाले, क्ष = १२/३ = ४. इथे −३ हा क्ष ला गुणून चिकटलेला आहे. दोन्ही बाजूंना −३ ने भागायचं, उत्तर −४. मी एकच प्रश्न विचारते: "क्ष ला ते बेरजेने चिकटलंय की गुणाकाराने?" बेरजेचं वजाबाकीने सुटतं, गुणाकाराचं भागाकाराने, आणि भागताना संख्या आपल्या चिन्हासकट जाते.

उलटं उत्तर. ८क्ष = ६ आलं की पुष्कळ मुलं ८/६ लिहितात. त्यांच्या मनात लहानपणापासून बसलेलं असतं की मोठ्या संख्येला लहानीने भागायचं. क्ष ला जी संख्या चिकटलीय तीच छेदात जाते, मग ती मोठी असो वा लहान. ६/८, म्हणजे ३/४.

अपूर्णांक. इथे जरा रेंगाळते, कारण इथे लक्षण आणि रोग वेगवेगळे निघतात.

(क्ष + १)/२ − (क्ष − २)/३ = २

छेदांचा लसावि ६. सगळ्या पदांना ६ ने गुणायचं: ३(क्ष + १) − २(क्ष − २) = १२. पुढे ३क्ष + ३ − २क्ष + ४ = १२, क्ष + ७ = १२, क्ष = ५. ताळा: ३ − १ = २.

आता चुका बघा. पहिली: डावीकडे ६ ने गुणलं आणि उजवीकडचा २ तसाच राहिला. त्याला छेद नाही ना, म्हणून तो कुणाला दिसत नाही. मग क्ष + ७ = २, क्ष = −५. बरोबर उत्तर ५, आलेलं −५! घरी सगळे चिन्हाची चूक शोधत बसतात आणि चिन्हं तर सगळी बरोबर असतात. म्हणून मी लक्षणावरून औषध देत नाही, आधी टेस्टर लावते. तागडीचंच उदाहरण घ्यायचं तर एका पारड्यातलं वजन सहापट केलं आणि दुसरं तसंच ठेवलं.

दुसरी चूक: −२(क्ष − २) चं −२क्ष − ४ केलं. मग क्ष − १ = १२, क्ष = १३. अपूर्णांकाची आडवी रेघ हा न लिहिलेला कंसच असतो. छेद उडवला की तो कंस कागदावर लिहायचा, एक ओळ जास्त झाली तरी चालेल. कंस न लिहिता थेट सोडवणाऱ्या मुलांचं इथे हमखास चुकतं, आणि नेमकी हुशार मुलंच ती ओळ गाळतात.

तिरकस गुणाकार दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तेव्हाच. वरच्या उदाहरणात तो थेट लावायला गेलात तर फसाल.

५. क्ष उडून गेला

टेस्टरला लावायला किंमतच नसते, म्हणून आधी प्रत्येक पायरी पुन्हा बघा. सगळं बरोबर असेल तर घाबरू नका, समीकरणच तसं आहे. २(क्ष + ३) = २क्ष + ६ हे कोणत्याही क्ष ला खरं, म्हणून ० = ० उरतं. २(क्ष + ३) = २क्ष + ५ हे कोणत्याच क्ष ला खरं नाही, म्हणून ६ = ५ उरतं; त्याला उकल नाही असं लिहायचं. पण एक चोरवाट आहे. ५क्ष = २क्ष मध्ये मुलं दोन्हीकडचा क्ष "कापतात" आणि ५ = २ म्हणून अडतात. क्ष शून्य असू शकतो आणि शून्याने भागता येत नाही. कापू नका, वजा करा: ३क्ष = ०, क्ष = ०.

६. ताळा जमतो, तरी उत्तर चूक

सगळ्यात अवघड बिघाड हा, कारण तो समीकरणाच्या आधीच झालेला असतो. यासाठी मी भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या बीजगणितातलं उदाहरण देते. एकाजवळ ३०० नाणी आणि ६ घोडे. दुसऱ्याजवळ १० घोडे, पण त्याच्यावर १०० नाण्यांचं कर्ज. घोडे सारख्याच किमतीचे, दोघांची संपत्ती सारखी. घोड्याची किंमत किती?

दर वर्षी निम्मी मुलं लिहितात: ६क्ष + ३०० = १०क्ष + १००. क्ष = ५०. ताळा: ६०० आणि ६००, जमला! मग मी म्हणते, आता समीकरण झाका आणि गोष्ट वाचा. घोडा ५० चा असेल तर पहिल्याकडे ३०० नाणी आणि ३०० चे घोडे, एकूण ६००. दुसऱ्याकडे ५०० चे घोडे आणि शंभर देणं, उरले ४०० च. कुठे सारखे झाले? कर्ज आहे, ते वजा व्हायला हवं: ६क्ष + ३०० = १०क्ष − १००, ४क्ष = ४००, घोडा १०० नाण्यांचा, दोघांकडे ९००. ऋण या शब्दाचा अर्थच कर्ज, आपल्याला तो वेगळा सांगावा लागू नये. शाब्दिक उदाहरणाचा ताळा नेहमी गोष्टीत करायचा, समीकरणात नाही. वयाच्या उदाहरणातही तेच: "पाच वर्षांपूर्वी" म्हटलं की बापाचे पाच वजा होतात आणि मुलाचे विसरले जातात.

(भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे जवळच पाटणला मठ काढला होता, १२०७ च्या शिलालेखात तसं कोरलेलं आहे. म्हणजे गणिताची शिकवणी आमच्या तालुक्यात आठशे वर्षं जुनी. फी किती होती ते मात्र कोरलेलं नाही.)

कधी थांबायचं आणि कुणाकडे जायचं

एका उदाहरणावर वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. टेस्टरने ओळ सापडली आणि चूक तरी कळत नाही, तर त्या ओळीपाशी पेन्सिलने फुली करा आणि उदाहरण सोडा.

−७ + ३ किंवा (−२) × (−३) इथेच गाडी अडत असेल, तर समीकरणं बंद करा. सहावी-सातवीतले पूर्णांक संख्यांचे धडे काढा आणि आठवडाभर तेवढंच करा. पाया कच्चा असताना आठवीचं रेटलं तर मुलाचा हट्ट वाढतो, गणित वाढत नाही. हे घरी जमत नसेल तर शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना वेळ मागा. क्लास लावायचा विचार त्यानंतर.

पालकांनी एक ठिकाण मात्र जरूर ओळखावं, कारण तिथे माझ्यासारखीचाही उपयोग नाही. मूल समजूतदार आहे, तोंडी सगळं सांगतं, पण महिनोन्महिने अंक उलटसुलट उतरवतं, अधिक-उणे वाचतानाच गोंधळतं, घड्याळ आणि सुट्टे पैसेही जमत नाहीत, तर ते आळशी आहे असं म्हणू नका. शाळेच्या समुपदेशकांना भेटा आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. निदान झालं आणि अधिकृत प्रमाणपत्र मिळालं तर दहावीच्या बोर्ड परीक्षेतही सवलती मिळतात. दोन वर्षांपूर्वी अशा एका मुलाला मी पाच महिने जास्तीची उदाहरणं देत बसले होते. ते पाच महिने त्याचे गेले.

शिक्षकांकडे जाताना कोरी वही नेऊ नका. चुकलेली तीन उदाहरणं न खोडता न्या, आणि प्रत्येकात टेस्टर जिथे विझला त्या ओळीपाशी फुली केलेली असू द्या. तिन्ही फुल्या कंसापाशी असतील तर पाच मिनिटांत काम होईल. तीन फुल्या तीन ठिकाणी असतील तर जरा जास्त वेळ घेऊन जा.